टिंबवाल्यांची यादी

तहसील कचेरीच्या फाटकासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, वारसनोंदीचे अर्ज, बांधाच्या तक्रारी आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार केली त्याची उलट तक्रार, हे सगळं एकाच खुर्चीत बसून मी गेली एकोणतीस वर्षं लिहीत आलो. आधी यंत्रावर, मग संगणकावर. मजकूर तोच. पण या अंकाच्या संपादकांना त्यात रस नाही. त्यांना माझा दुसरा धंदा हवा आहे, जो पाच वर्षांतून दोन-तीन महिने चालतो आणि एरवी ज्याबद्दल कुणी ओळखही दाखवत नाही. मी मतदार यादी वाचतो.

यादी वाचणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. सरकारी यादीत नाव असतं, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, घर क्रमांक, वय आणि एक फोटो, ज्यात गावातली सगळ्यात सज्जन बाईसुद्धा फरार आरोपी वाटते. उमेदवार हा गठ्ठा घेऊन माझ्याकडे येतो. मग मी प्रत्येक गावातली दोन माणसं समोर बसवतो आणि एकेक नाव वाचतो. आधी मेलेले काढायचे. सरकारी यादीत माणूस मरायला फार वेळ लागतो. मग लग्न होऊन गेलेल्या मुली, मग चाकण-भोसरीला गेलेली पोरं. उरलेल्या प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने खूण करायची. आपला असेल तर बरोबर, त्यांचा असेल तर फुली. आणि ज्याचं काही सांगता येत नाही, त्याच्यापुढे टिंब.

मी सगळ्या बाजूंचं काम केलं आहे, त्यामुळे माझ्यावर कुठल्याही बाजूचा असल्याचा आरोप होऊ शकत नाही. एका उमेदवाराच्या यादीतल्या बरोबरच्या फुल्या आणि फुल्यांचे बरोबर केले, की विरुद्ध उमेदवाराची यादी तयार होते. टिंबं मात्र तशीच राहतात. म्हणून धंद्याचं खरं कसब टिंबात असतं.

पुण्याहून येणाऱ्या पाहणीवाल्यांना वाटतं की टिंबवाले शोधायला मतदाराला विचारावं लागतं. गेल्या निवडणुकीतले एक उमेदवार, देवकुळे साहेब, यांनी अशीच टोळी आणली होती. मुलं-मुली हातात टॅब घेऊन गावोगाव फिरली आणि निम्मा तालुका "अनिश्चित" असल्याचा रंगीत अहवाल घेऊन आली. कारण त्यांनी ज्याला विचारलं तो "बघू" म्हणाला. आमच्याकडे "बघू" म्हणजे नाही. पाहुण्याला तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही, एवढंच.

टिंबवाला ओळखायचा तर दूध कुठं जातं ते बघावं. आमच्या प्रत्येक गावात दोन डेअऱ्या असतात, कारण प्रत्येक गावात दोन गट असतात. माणूस ज्या गटाचा, त्या डेअरीत त्याची किटली. पण प्रत्येक गावात पाच-सात घरं अशी सापडतात की ज्यांचं सकाळचं दूध एका डेअरीला आणि संध्याकाळचं दुसरीला जातं. लग्नाला दोन्हीकडे जातात, पंगतीत मधे बसतात. त्यांना कुणी स्वतंत्र मतदार वगैरे म्हटलं तर ते घाबरतील. त्यांचं स्वातंत्र्य काष्टीच्या बाजारात बैलाचा भाव ठरवतात तसं आहे. रुमालाखाली दोन हात, बोटांनी बोलणं, आणि वर चेहरे असे की जणू पावसाबद्दल चाललंय.

रंगनाथ गव्हाणे असे होते. सगळे त्यांना नाना म्हणत. नाव मी बदललं आहे, गावही सांगत नाही. जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा तालुका, एवढं पुरे. (जिल्ह्याचं नाव बदललं, एसटीच्या पाट्या बदलल्या, आम्ही अजून "नगरला जाऊन येतो" असंच म्हणतो, तेव्हा बदललेल्या नावांनी काही अडत नाही.) नानांची सहा एकर जमीन, त्यात तीन एकर ऊस, दोन म्हशी. प्रत्येक निवडणुकीच्या आधी एक दिवस ते माझ्या दुकानात यायचे, चष्मा पुसायचे आणि विचारायचे, "आमचा नंबर काय आलाय औंदा?"

मी यादीतला त्यांचा आणि त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, अनुक्रमांक कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून द्यायचो. हे एवढ्यासाठी की मतदानाच्या दिवशी शाळेपासून दोनशे मीटरवर दोन्ही बाजूंची टेबलं लागतात. तिथं तुमचं नाव शोधून चिठ्ठी देतात. चिठ्ठी फुकट असते, पण तुम्ही कुठल्या टेबलाकडे वळलात हे सगळं गाव बघत असतं. आत यंत्रापाशी मत गुप्त असतं, बाहेर टेबलापाशी ते उघड होतं. नाना माझा चिटोरा खिशात घालून दोन्ही टेबलांना रामराम करत सरळ निघून जायचे. पंचवीस वर्षं त्यांनी हे जमवलं. आमच्या तालुक्यात हा विक्रम आहे.

आता देवकुळे साहेब.

ते पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले, मूळचे इथले म्हणजे त्यांचे आजोबा इथल्या रेल्वे स्टेशनवर तीन वर्षं मास्तर होते. त्यांना तिकीट मिळालं. पक्ष कोणता ते विचारू नका, अर्ज भरायच्या आदल्या आठवड्यापर्यंत त्यांनाही नक्की माहीत नव्हतं. असे बाहेरचे उमेदवार मी याआधीही पाहिले होते. एक निवृत्त अधिकारी होते, ते सभेत लोकांना रांगेत बसायला सांगायचे आणि लोक बसले नाहीत की भाषण थांबवायचे. एक बिल्डर होता, त्याने स्वतःच्या चेहऱ्याची भिंतीवरची घड्याळं वाटली. डिपॉझिट गेलं, घड्याळं चालू आहेत. माझ्या दुकानातल्या घड्याळात रोज दुपारी साडेतीनला काटा त्याच्या कानात जातो.

देवकुळ्यांसमोर भाऊ होते. भाऊ म्हणजे आमच्या भागातला कारखाना, एक डेअरी, तीन शाळा आणि हे सगळं हसतमुखाने चालवणारा माणूस. भाऊंना हरवायचं तर टिंबवाले हवेत, हे देवकुळ्यांना त्यांच्या अहवालानेच सांगितलं होतं. ते मला म्हणाले, "मला वेगळी शीट हवी. फक्त स्विंग मतदार. मोबाईल नंबरसकट."

अशी यादी मी कधी कुणाला दिली नव्हती. टिंबं यादीत असतात, गर्दीत असतात, तिथंच ती सुरक्षित असतात. पण देवकुळे साहेबांनी माझ्या पेन्सिलीच्या खुणा बघितल्या आणि त्यांच्या पोरांना म्हणाले, "बघा, याला म्हणतात डेटा. तुमच्या टॅबमध्ये हे नाही." एकोणतीस वर्षांत माझ्या कामाला कुणी डेटा म्हटलं नव्हतं. मी त्या दिवशी अकरा गावांची टिंबं वेगळी काढून, गाववार, अक्षरानुक्रमे टाइप करून दिली. खाली रेघसुद्धा मारली. माणूस एरवी कितीही खवचट असो, स्तुतीला तोंड द्यायची तयारी त्याची कधीच नसते.

दसऱ्याच्या सुमाराला मी त्यांना नानांच्या वस्तीवर घेऊन गेलो. गाडी लांब लावायला सांगितली, पोरं गाडीतच बसवली. वाटेत बजावलं, "मताचं बोलायचं नाही. भाऊंचं नाव काढायचं नाही. आणि विकास हा शब्द तर अजिबात नाही."

"मग बोलायचं काय?"

"ते विचारतील त्याचं उत्तर द्यायचं."

त्या दिवशी त्यांनी ऐकलं, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. काकूंनी चहा दिला. नाना म्हशीला पेंढी सोडत होते, ती सोडून झाली, हात झटकले, येऊन खाटेवर बसले. देवकुळ्यांचा मोबाईल वाजला, त्यांनी तो न बघता बंद केला. नानांनी ते बघितलं.

"सायेब, एक इचारू का?"

"विचारा ना."

"पडलात तर परत येताल का हितं?"

मी मनात डोळे मिटले. या प्रश्नाला प्रत्येक उमेदवार छातीवर हात ठेवून एकच उत्तर देतो. देवकुळ्यांनी कप खाली ठेवला. "खरं सांगू का? बहुतेक नाही येणार. माझं सगळं पुण्यात आहे."

"आन निवडून आलात तर?"

"तर यावंच लागेल. पण इथं राहायला येईन, असं आत्ता म्हणत नाही."

काकू आतून म्हणाल्या, "मानूस खरं बोलतोय बाई, इतक्या लांबनं येऊन." नाना आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आले आणि जरा मागे राहून माझ्याशी बोलले. "बरा वाटतोय. हितं ऱ्हानार न्हाई म्हनाला. भाऊ हितंच ऱ्हातो, तीच तर पंचाईत हाय."

बाहेरचा उमेदवार टिंबवाल्याला जिंकू शकतो का, असा प्रश्न निवडणुकीच्या काळात पुण्या-मुंबईतली विद्वान मंडळी एकमेकांना विचारत असतात. त्याचं उत्तर नानांनी त्या दिवशी गाडीपाशी उभ्या उभ्या दिलं होतं. जिंकू शकतो, आणि बाहेरचा आहे म्हणूनच जिंकू शकतो. त्याची इथं भावकी नाही, डेअरी नाही, जुना राग नाही. तो निवडून आला तर फार भलं करणार नाही, पण वाकड्यातही शिरणार नाही. ज्या माणसाने आयुष्यभर दोन गटांच्या मधल्या फटीतून संसार चालवला, त्याला एवढी सवड पुष्कळ वाटते. बाहेरच्या उमेदवाराकडे हीच एक मालमत्ता असते. आणि तो ती पहिल्याच आठवड्यात उधळून टाकतो, कारण त्याला ती कमीपणाची वाटते. त्याला आपलं माणूस व्हायचं असतं.

गाडीत देवकुळ्यांनी विचारलं, "झालं का काम?"

"झालं. आता काही करू नका."

"म्हणजे?"

"म्हणजे परत जायचं नाही, फोन करायचा नाही, फोटो टाकायचा नाही."

"अहो, मग मी त्यांची कदर करतो हे त्यांना कळणार कसं?"

"ते इतर कुणाला कळू नये, हीच कदर."

ते हसले. मला वाटलं, समजले. खरं तर ते मनातल्या मनात कार्यक्रमाची पत्रिका छापत होते.

दिवाळीच्या तोंडावर मंगल कार्यालयात "माती परीक्षण आणि ठिबक मार्गदर्शन" असा मेळावा ठेवला गेला. माझ्या शीटवरच्या प्रत्येकाला फोन गेला. माती परीक्षणाला कुठल्याही गटाचा माणूस जातो, त्यात काही उघड होत नाही, म्हणून चाळीसेक जण आले. नानाही आले, पिशवीत मातीचा नमुना घेऊन. मी मागच्या खुर्चीवर होतो. मातीवर एक तज्ज्ञ वीस मिनिटं बोलले. मग एक निवेदिका उठली, आवाज लग्नातला, आणि म्हणाली, "आता आपण सन्मान करणार आहोत अशा जागृत मतदारांचा, जे कुणाच्याही दबावाला बळी न पडता…" आणि तिने माझी शीट वाचायला सुरुवात केली. गाववार. अक्षरानुक्रमे.

स्टेजवर फेटे बांधणारे चौघे नगरहून मागवले होते. परगावच्या वाचकांनी मनात म्हटलं असेल की जायचं नाही स्टेजवर, एवढं काय. पण आमच्याकडे माईकवर नाव पुकारलं की उठावं लागतं, नाहीतर पुकारणाऱ्याचा अपमान. आणि एकदा डोक्याला फेटा बांधायला घेतला की तो काढता येत नाही. शाल नाकारता येते, नारळ शेजाऱ्याला देता येतो. बांधलेला फेटा चार लोकांत उतरवणं म्हणजे बांधणाऱ्याच्या तोंडात मारण्यासारखं आहे, आणि टिंबवाला माणूस कुणाच्याच तोंडात मारत नाही, म्हणून तर तो टिंबवाला. भाऊंच्या कार्यक्रमात फेटा फक्त भाऊंना आणि पाहुण्यांना असतो. गावच्या माणसाला सर्वांदेखत फेटा बांधणं म्हणजे त्याच्यावर शिक्का मारणं, हे भाऊंना कुणी शिकवलेलं नाही, ते त्यांना ठाऊक आहे. देवकुळे साहेबांना मात्र चाळीस गुलाबी फेटे फोटोत फार छान दिसणार होते.

नाना दुसऱ्या रांगेत उभे होते. फेटा बांधून होईपर्यंत त्यांनी मान हलवली नाही. मग त्यांची नजर स्टेजवरून मागच्या खुर्च्यांपर्यंत आली आणि माझ्यावर थांबली. मी मोबाईल काढून बघू लागलो. तो बंद होता.

तिसऱ्या दिवशी कारखान्याच्या रस्त्याला, बरोबर वळणावर, रीतसर परवानगीचा फ्लेक्स लागला. मधे देवकुळे, भोवती चाळीस फेटे, वर अक्षरं, "आमचं ठरलंय". ज्यांनी पंचवीस वर्षं काही ठरल्याचं घरच्यांनाही कळू दिलं नव्हतं, त्यांचं.

परिणाम दिसायला फार दिवस लागले नाहीत. नानांचं सकाळचं दूध भाऊंच्या डेअरीला जायचं. तिथं त्याला फॅट लागेना, म्हणजे भाव मिळेना. त्याच म्हशींच्या संध्याकाळच्या दुधाला दुसऱ्या डेअरीत फॅट लागत होती. म्हशीही बहुधा दुपारनंतर जागृत होत असाव्यात. पण दुधाचं एकवेळ निभावतं, खरा घोर उसाचा होता. नानांचा ऊस आडसाली, सोळा-सतरा महिन्यांचा. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की लागणीच्या तारखेप्रमाणे तोड मिळते, असं नियमात आहे. नियमाप्रमाणे नानांचा नंबर पहिल्या आठवड्यात होता. ही तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला चिटबॉय म्हणतात. आमच्या भागातले चिटबॉय पोपटराव बावन्न वर्षांचे आहेत, नातवंडं आहेत, पण पद बॉयचं. पोपटराव रोज नानांच्या बांधावरून मोटरसायकलवर जायचे आणि आदराने थांबायचे.

"नाना, टोळी याचीय. मजूर कमी हायेत औंदा."

शेजारच्या रानात टोळी आली, तोडून गेली. पलीकडच्या रानात आली. नानांच्या चारी बाजू मोकळ्या झाल्या आणि मधे तीन एकर ऊस उभा राहिला. उभ्या उसाला तुरे येतात, आतून तो पोकळ होतो, वजन रोज घटतं. सतरा महिन्यांची मेहनत दारात वाळताना बघायची आणि बघणाऱ्याला नमस्कार करायचा.

नाना माझ्या दुकानात आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"माजं नाव त्यांना कुनी दिलं?"

मी आयुष्यभर दुसऱ्यांचे खोटे अर्ज शुद्ध मराठीत लिहून दिले आहेत. स्वतःसाठी लिहायची वेळ आली तेव्हा तेही धड जमलं नाही. म्हणालो, "नाना, यादी सरकारी असते. सगळ्यांकडं असते."

"व्हय. यादी सरकारी," ते म्हणाले, "पर मला कुटल्या बाजूचं धरायचं न्हाई, हे सरकारला कुठं ठावं हाय?"

आणि चष्मा न पुसताच गेले. या वेळी त्यांनी नंबर विचारला नव्हता.

मी त्याच दुपारी देवकुळ्यांकडे गेलो. म्हटलं, फ्लेक्स उतरवा. त्यांनी मला मोबाईलवर मेळाव्याची चित्रफीत दाखवली. "बघा, किती आनंदात आहेत सगळे." त्यात नाना असे उभे होते जसे लोक रक्त देताना झोपतात. मी उसाचं सांगितलं. ते खरोखर हादरले. वाईट माणूस नव्हता तो, हे मी मुद्दाम सांगतो, कारण वाईट माणसाने यापेक्षा कमी नुकसान केलं असतं. ते म्हणाले, "हा तर उघड अन्याय आहे. आपण आवाज उठवू."

"आवाज नको. फक्त फ्लेक्स उतरवा."

"अहो, कायदा आहे. मी आत्ताच वर पत्र पाठवतो."

पत्र गेलं की नाही माहीत नाही, त्याचा फोटो मात्र संध्याकाळपर्यंत सगळ्या मोबाईलवर पोचला. "रंगनाथ गव्हाणे यांच्या उसाला न्याय मिळालाच पाहिजे." आता भाऊंनी मनात आणलं असतं तरी त्यांना ऊस तोडता येईना, कारण तोडला असता तर ते पत्राला घाबरले असा अर्थ झाला असता. पोपटराव दुसऱ्या दिवशी बांधावर थांबलेसुद्धा नाहीत.

मतदानाच्या दिवशी मी नानांच्या गावात होतो. शाळेच्या अलीकडे वडाखाली भाऊंचं टेबल, तिथं गर्दी, चहाचं पातेलं, टेबलामागे खुद्द पोपटराव. समोरच्या बाजूला देवकुळ्यांचं टेबल. तिथं पुण्याची दोन पोरं, डोक्यावर टोप्या, कुणीच येत नसल्यामुळे ती एकमेकांचे फोटो काढत होती. फेटेवाले एकेक करून येत होते आणि रस्ता ओलांडून वडाकडे वळत होते. मत आत कुणाला द्यायचं तो प्रश्न वेगळा. बाहेर सुटका करून घ्यायची होती.

नाना आणि काकू दहाच्या सुमाराला आले. पांढरी टोपी, धुतलेला सदरा. रस्त्याच्या मधोमध ते थांबले. बोलणी चालू होती ती हळूहळू थांबली. माझ्या खिशात त्यांच्या नंबरचा चिटोरा होता, मी सकाळी लिहून आणला होता. मी दोन पावलं पुढे झालो. नानांनी माझ्याकडे बघितलं आणि मान अगदी थोडी, नको अशी हलवली. मग ते वडाखाली गेले.

पोपटरावांनी यादी उघडली. त्यांना नंबर पाठ होता, तरी त्यांनी पान न पान उलटलं, बोट फिरवत, सगळ्यांना दिसावं म्हणून. "गव्हाणे… गव्हाणे… हां. घ्या नाना. काकू, तुमची. च्या घ्या की."

"घेतो," नाना म्हणाले आणि उभ्याने चहा घेतला. काकूंनी घेतला नाही. मी यादी वाचायच्या धंद्यात बरीच वर्षं काढली, माणूस इतक्या सावकाशपणे वाकवलेला मी प्रथमच बघितला.

निकाल सांगण्यात हशील नाही. भाऊ आले. नानांच्या केंद्रावर देवकुळ्यांना नऊ मतं पडली. त्या केंद्रावर फेटे बांधलेले सातच होते. मतमोजणीनंतर मी हा आकडा पाहिला आणि नेहमीच्या सवयीने नऊ जण कोण असतील याचा हिशेब मांडायला बसलो. दोन पुण्याची पोरं धरता येत नव्हती, त्यांची नावं इथं नाहीत. मग मी पेन्सिल ठेवून दिली. निकालानंतर आठवड्याने नानांच्या रानात टोळी आली.

मी भेटायला गेलो तेव्हा निम्मा ऊस तुटून पडला होता, ट्रॅक्टर उभा होता. मोळ्या हलक्या झाल्या होत्या, ते बांधणाऱ्या बाईच्या हातावरूनच दिसत होतं. नाना बांधावर बसले होते. मी शेजारी बसलो. म्हटलं, "नाना, ती शीट मीच टाइप करून दिली होती."

"ठावं हाय."

"मला वाटलं नव्हतं की ते…"

"तुमाला लई कळतं, मास्तर. एवढंच तेवढं कळलं न्हाई." मी मास्तर नाही, पण ते मला तसंच म्हणत आले. ते टोळीकडे तोंड करून बसले. मग म्हणाले, "आता मी आत कुनाला मत दिलं ते तुमाला सांगतो."

"नाही, नाना, नको."

"न्हाई, ऐका. आजवर हिलासुदिक सांगितलं न्हाई. तुमाला सांगतो, म्हंजी तुमी सांभाळत बसाल."

आणि त्यांनी सांगितलं. एक नाव, एवढंच. मग उठून ट्रॅक्टरकडे गेले.

देवकुळे साहेबांचा फोन पुण्याहून गेल्या महिन्यात आला. इकडे त्यांचं येणं झालेलं नाही, आणि तसं ते बोललेच होते, त्यामुळे तक्रार नाही. हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग जरा अडखळत त्यांनी विचारलं, "ते गव्हाणे नाना… त्यांनी तरी मला दिलं असेल ना हो मत? तुम्हाला तर सगळं कळतं." आवाजावरून वाटलं की त्यांना एवढं एक कळलं असतं तर ते बाकीची निवडणूक विसरायला तयार झाले असते.

मी म्हणालो, "माहीत नाही."

तुम्हालाही सांगत नाही. दिवाळी अंक कारखान्याच्या वाचनालयातही जातो, आणि नानांच्या उसाच्या या वर्षीच्या खोडव्याची तोड अजून व्हायची आहे.